पटकीची साथ आणि क्षारजल

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेलगतच्या बनगाव येथे पटकीची साथ उसळली. इस्पितळातील खोल्यांत रोग्यांना जमिनीवर निजवावे लागले.

पटकीच्या जंतूंचे विष लहान आतड्यातून पाणी व क्षार बाहेर लोटते. रोगी दगावतो तो या शोषामुळे. शिरेतून क्षारजल देणे हा त्यावरील खात्रीचा उपाय होय. परंतु त्यास निर्जंतुक द्रव, सुया व शिकलेले हात लागतात. बनगावात द्रवाचा साठा संपत आला होता.

तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रोग्यांना क्षारजल तोंडाने पाजण्याचे ठरविले. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढीच ती सामग्री. ग्लुकोज येथे केवळ शक्तीसाठी नसते. आतड्याच्या भित्तिकेत शिरताना ते सोडियमला सोबत नेते व त्यांच्यामागून पाणी जाते. पटकीतही हा मार्ग खुला राहतो; नुसत्या पाण्याने मात्र ही तूट भरून निघत नाही. तोटी लावलेल्या पिपांतून नातेवाईकच पेले भरून रोग्यांना पाजीत. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० होते, ते ३.६ वर आले.

अर्थात याने रोगी वाचतो, साथ थांबत नाही. त्यासाठी छावणीत माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी पुरवावे, पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालावे आणि शौचकूप विहिरीपासून निदान ३० मीटर दूर खणावेत.