१,४२,८५७ : चमत्कार की कारण?

१,४२,८५७ या संख्येस २ ने गुणिले असता २,८५,७१४ आणि ३ ने गुणिले असता ४,२८,५७१ येतात. ६ पर्यंत तेच अंक त्याच क्रमाने फिरतात. ७ ने गुणिताच ९,९९,९९९ येतात. शिक्षकांनी हा चमत्कार म्हणून सांगू नये. मुले टाळ्या वाजवितील, विचार करणार नाहीत. त्यांजकडून १ ला ७ ने दशांशात भागवून घ्यावे. बाकी क्रमाने ३, २, ६, ४, ५, १ उरते. १ पुन्हा येताच भागाकाराचे अंक फिरू लागतात. २ ला भागताना हेच चक्र २ या बाकीपासून सुरू होते.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांत हीही बसते : वर्ग २०४०८१२२४४९; २०,४०८ + १,२२,४४९ = १,४२,८५७. ताळा मुलांनीच पाहावा.