देवाच्या दृष्टीने श्रीमंत

(लूक १२:१३-२१)



दर तीन वर्षांनी, सामान्य काळातील अठराव्या रविवारी आपण मिस्सामध्ये मूर्ख श्रीमंताचा दाखला ऐकतो. प्रभू येशूने तो कोणत्या प्रसंगी सांगितला, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. गर्दीतील एक माणूस वडिलोपार्जित मालमत्तेतील आपला वाटा भावाकडून मिळवून द्या, अशी मागणी घेऊन प्रभूकडे आला होता. प्रभूने वाटणी करून देण्यास नकार दिला आणि भांडणाच्या मुळाशी असलेल्या लोभावर बोट ठेवले.

दाखल्यातील शेतकरी लबाड नव्हता. त्याच्या जमिनीला भरघोस पीक आले. ते साठविण्यासाठी मोठी कोठारे बांधावीत असे त्याला वाटले, यातही वावगे काही नाही. मग देवाने त्याला मूर्ख का म्हटले? कारण तो फक्त स्वतःशीच बोलतो. पीक माझे, कोठारे माझी, पुढची पुष्कळ वर्षेही माझीच, असा त्याचा हिशेब आहे. शेतात राबलेले मजूर, शेजारीपाजारी, पाऊस देणारा परमेश्वर यांपैकी कोणीही त्याच्या विचारात नाही. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला आणि कोठारे मागे राहिली.

याउलट उदाहरण आपल्या मातीतच आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. संघात प्रवेश न मिळाल्याने ते व्यापारात उतरले आणि तेथे त्यांचा चांगला जम बसला. पण त्यांचे मन त्यात रमले नाही. व्यापार सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले. १५९३ साली ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सोबत्यांसह त्यांना क्रूसावर मरण आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. ज्या वसईत ते वाढले, ती त्या काळची वैभवशाली नगरी होती. १७३९ साली किल्ला पोर्तुगिजांच्या हातून गेला. आज तेथील बहुतेक देवळांना छपरे उरलेली नाहीत. व्यापार सोडलेल्या त्या बंधूचे नाव मात्र आपण आजही प्रार्थनेत घेतो.

याचा अर्थ आपण नोकरी-धंदा सोडावा असा नाही. मुलांचे शिक्षण, स्वतःचे घर, कष्टाची कमाई ही देवाची देणगीच आहे. संत पौलसुद्धा धनवानांना धन फेकून द्या असे सांगत नाही. उदार व्हा, सत्कर्मांत श्रीमंत व्हा, असे सांगतो (१ तीमथ्य ६:१७-१९).

परंतु जमिनीला भाव आला आणि आपल्या कित्येक घरांत अबोला आला, हे आपण नाकारू शकतो का? आईवडिलांच्या पुण्यतिथीच्या मिस्साला सख्खी भावंडे दोन टोकांच्या बाकांवर बसतात आणि एकमेकांना शांती न देताच ख्रिस्तप्रसाद स्वीकारतात. सातबाऱ्यावर काल आजोबांचे नाव होते, आज आपले आहे, उद्या दुसऱ्याचे येईल. त्या कागदासाठी तोडलेले नाते मात्र आपल्याबरोबर देवापुढे उभे राहील. हक्काचा वाटा मागणे पाप नाही. वाट्यापायी भाऊ गमावणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

या आठवड्यात कुटुंबात बसून विचार करू या :

१. आपल्या यशात ज्यांचे कष्ट आहेत, त्यांची आपल्याला आठवण आहे का?

२. आपल्या मिळकतीतील किती भाग गरजूंपर्यंत पोहोचतो?

३. मालमत्तेवरून कोणाशी बोलणे बंद आहे? पहिले पाऊल आपण उचलू शकतो का?

प्रार्थना : हे प्रभो, तू दिलेल्या दानांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमची मूठ सैल कर, आमची मने जुळव आणि आम्हांला तुझ्या दृष्टीने श्रीमंत कर. आमेन.