रोग, रूपक आणि अपूर्ण वाक्य : ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबरीत असाध्य रोग आणि प्रेम एकत्र आले, की दोन धोके संभवतात. रुग्णाला धैर्याची मूर्ती बनविले जाते, किंवा त्याचा मृत्यू केवळ वाचकाला रडविण्याचे साधन ठरतो. जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची २०१२ साली प्रसिद्ध झालेली ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही कादंबरी या धोक्यांना कशी सामोरी जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शीर्षकाचे मूळ शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’ या नाटकात आहे. आपल्या हीन अवस्थेचा दोष ग्रहताऱ्यांचा नसून आपलाच आहे, असे कॅशिअस ब्रूटसला बजावतो. ग्रीन हा सिद्धान्त उलटा करतात : येथे दोष रुग्णाचा नाही. रोगावर लादलेली रूपके अखेर रुग्णालाच अपराधी ठरवितात, हे सुझन सोन्टॅग यांनी ‘इलनेस अ‍ॅज मेटॅफर’ (१९७८) या ग्रंथात दाखविले होते. ग्रीन यांच्या कादंबरीत मात्र रुग्ण स्वतःच रूपके घडवितात, आणि कथानक त्या रूपकांची परीक्षा घेते.

कादंबरीची निवेदिका हेझल ही इंडियानापोलिसमधील सोळा वर्षांची मुलगी. थायरॉइडचा कर्करोग फुप्फुसांत पसरल्याने प्राणवायूचे नळकांडे सतत तिच्यासोबत असते. रुग्णांच्या आधारगटात तिची भेट हाडांच्या कर्करोगात एक पाय गमावलेल्या ऑगस्टसशी होते. तो न पेटविलेली सिगारेट ओठांत धरतो. मारक वस्तू जवळ बाळगायची, पण तिला मारण्याची शक्ती द्यायची नाही, हा त्याचा संकेत. हेझल स्वतःला हातबाँब समजते. आपण फुटू तेव्हा जवळची माणसे जखमी होतील, म्हणून ती प्रेमापासून दूर राहू पाहते.

ही दोन्ही रूपके कोसळतात. रोग बळावल्यावर ऑगस्टस रात्री एकटाच सिगारेटचे पाकीट आणण्यासाठी पेट्रोल पंपावर जातो. पोटात बसविलेल्या नळीला जंतुसंसर्ग झालेला, अंगावर उलटी, अशा असहाय अवस्थेत तो हेझलला सापडतो. रूपक येथे संपते, देह उरतो. कादंबरीतील सर्वांत प्रामाणिक प्रसंग हाच होय, कारण येथे धैर्याची मूर्ती भंगते, पण तिच्यावरील प्रेम भंगत नाही.

हेझलचे रूपक अधिक सौम्यपणे मोडते. पीटर व्हॅन हाउटेन या काल्पनिक लेखकाची तिची आवडती कादंबरी वाक्याच्या मध्यातच थांबते. नायिकेनंतर तिच्या आईचे काय झाले, हे विचारण्यासाठी हेझल अ‍ॅम्स्टरडॅमला जाते. परंतु कादंबरी संपली की पात्रेही संपतात, असे सांगून तो तिची बोळवण करतो. उत्तर मिळते ते घरात. आपली आई समाजकार्याच्या पदवीसाठी गुपचूप अभ्यास करीत आहे, हे हेझलला कळते. मुलीनंतरही आईला जगण्याचे प्रयोजन असेल. हेझलचा प्रश्न मुळात वाङ्मयीन नव्हताच. तो तिच्या स्वतःच्या आईविषयीचा होता.

भरताच्या रसविचारात विप्रलंभ हा सापेक्ष, तर करुण हा निरपेक्ष भाव मानला आहे. पहिल्यात मीलनाची आशा असते, दुसऱ्यात नसते. या कादंबरीतील शृंगार या दोहोंच्या सीमेवर वावरतो, कारण मीलनाच्या क्षणीच वियोगाची निश्चिती असते. पुढे ऑगस्टसच्या मृत्यूने करुण पूर्ण होतो. तथापि त्याने हेझलविषयी लिहून ठेवलेला मजकूर तिच्या हाती येतो आणि अखेरचा शब्द प्रेमाच्या स्वीकाराचा ठरतो.

या पात्रांचे बोलणे वयाच्या मानाने अतिचतुर आहे, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु ते चातुर्य त्यांचे चिलखत आहे, आणि ते कोठे गळून पडते हे लेखक दाखवितो. रोगाला अर्थ असलाच पाहिजे, हा आग्रह ही कादंबरी धरीत नाही. अपूर्ण राहिलेले आयुष्य निरर्थक ठरत नाही, एवढेच ती सांगते. कुमार वाचकाला खोटे सांत्वन न देता हे सांगणे, यात तिचे वाङ्मयीन महत्त्व आहे.