नवीन शहरात पहिलं काम कुठून मिळतं? लाल देवळामागची गोष्ट

कालच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता : "सर, गावाकडून पुण्यात आलोय, ओळख नाही, सुरुवात कुठून करू?" त्याचं उत्तर देताना आज थोडा इतिहास घेऊ. कॅम्पातलं लाल देऊळ आणि स्टेशनजवळचं ससून हॉस्पिटल तुम्ही पाहिलंच असेल. दोन्हींमागे एकच माणूस आहे, डेव्हिड ससून.

हा बगदादचा ज्यू. तिथल्या सत्ताधाऱ्यांच्या जाचामुळे घर सोडावं लागलं आणि 1832 मध्ये, चाळिशीत, तो कुटुंबासह मुंबईत आला. पण रिकाम्या हातानं आला असं समजू नका. वडील बगदादच्या पाशाचे खजिनदार होते. अरबी, फारसी, तुर्की येत होत्या आणि इराणी आखातातले व्यापारी ओळखीचे होते. मुंबईच्या इंग्रजांकडे कापड होतं, पण आखातातल्या गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस कमी. ती फट त्यानं पकडली. पुढे 1844 मध्ये मुलगा एलियासला चीनला पाठवलं. कापूस आणि अफू यांवर पेढी मोठी झाली. हो, अफूसुद्धा. हॉस्पिटलची पाटी वाचताना हेही माहीत असावं.

आता आपल्या कामाचा भाग. या पेढीला कारकून लागायचे. ससून ते बगदादी ज्यूंमधूनच घ्यायचे. हिशेब आणि पत्रं अरबीत, पण हिब्रू लिपीत! बाहेरच्याला वाचताच येणार नाहीत. बगदादहून आलेल्या पोराला इंग्रजी येत नसलं तरी पहिल्या दिवसापासून काम होतं. पुढे ससूनांनी कापडगिरण्या काढल्या, 1875 मध्ये कुलाब्याला ससून डॉक बांधला, तशा नोकऱ्या वाढल्या. शाळा, दवाखाना, प्रार्थनेची जागा, सगळं एकाच घराण्याच्या आधारानं.

सोय मोठी, पण माझ्या मते धोकाही तिथंच. नोकरी देणारा, शाळा चालवणारा आणि अडीनडीला मदत करणारा एकच असेल, तर त्याच्याशी वाजलं की जायचं कुठं? एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर वर्कशॉप चालवणाऱ्या भोसरीतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

दुसरे ज्यू आपल्याच कोकणातले, बेने इस्राएल. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. पेणकर, दिवेकर, केहिमकर ही त्यांची आडनावं, घरात मराठी, आणि धंदा घाणीवर तेल काढायचा. शनिवारी घाणी बंद, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं.

अठराव्या शतकापासून त्यांच्यातले लोक मुंबईला जाऊ लागले. तिथं एखादी ससून पेढी त्यांची वाट बघत नव्हती. कोणी सुतारकाम धरलं, कोणी गवंडीकाम, पुष्कळजण कंपनीच्या फौजेत गेले. फौजेतल्याच सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. मग मिशनऱ्यांच्या शाळांत मुलं शिकली. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाची स्वतःची शाळा काढली. रेल्वे, पोस्ट, कस्टम, दवाखाने वाढत होते, त्यांना लिहिता-वाचता येणारी माणसं हवी होती. तेलाच्या घाणीपासून रेल्वेच्या टेबलापर्यंतचा रस्ता असा झाला. पुण्यातही ते स्थिरावले. रास्ता पेठेत त्यांचं सिनेगॉग आहे.

किंमत काय मोजली? शनिवार. स्वतःची घाणी होती तोवर ती कधी बंद ठेवायची हे घरात ठरायचं. सरकारी ऑफिसात सुट्टी रविवारची. गिरण्यांत तर तीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवार मिळाला. म्हणजे पगार हवा तर शनिवारी कामावर जा, नाहीतर गैरहजेरी लावून घ्या. गावात ज्या गोष्टीवरून ओळख मिळाली होती, तीच दर आठवड्याला पणाला.

माझ्या दुकानाचे पहिले गिऱ्हाईक गाववालेच होते, त्यामुळे ओळखीच्या जोरावर सुरुवात करण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. जरूर करा. फक्त पुढचं तपासा.

वही घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे मागच्या तीन महिन्यांतली दहा गिऱ्हाइकं लिहा आणि प्रत्येकापुढे तो कोणाच्या ओळखीनं आला ते लिहा. एकच नाव सहा-सात वेळा आलं तर त्याखाली लाल रेघ मारा. उजवीकडे तुमच्या हातातलं असं कौशल्य लिहा, जे ती ओळख नसतानाही विकलं जाईल. भाषा, हिशेब, शिवण, दुरुस्ती, काहीही. उजवी बाजू कोरी राहिली तरी चालेल, खोटी भरू नका. पुढच्या व्हिडिओत आपण तिथूनच सुरू करू.