चहा : उकळलेला आणि मुरलेला

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता हातखंब्याला फुटतो. या तिठ्यावर चहा म्हटला की तो पातेल्यात खळखळ उकळलेला, दूध-साखर घातलेला असतो. घरोघरीही तसाच. चिनी मातीच्या किटलीतला चहा बहुधा कादंबरीत नाहीतर चित्रपटात भेटतो. त्यामुळे किटलीतला चहा सुशिक्षितांचा आणि पातेल्यातला गावंढळांचा, अशी एक समजूत होऊन बसली आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी प्रथम मीच चढलो. म्हणून ही समजूत तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम भांड्याचा विचार करू. मडक्याला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते, बाहेर त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते. चहाला नेमके याच्या उलट हवे. चिनी मातीच्या भांड्यावर काचेसारखा झिलईचा थर असतो. भट्टीच्या प्रखर उष्णतेत वितळून तो छिद्रे बुजवून टाकतो. आपल्याकडे लोणचे चिनी मातीच्या बरणीत घालतात, त्याचे कारणही हेच. मीठ आणि आंबटपणा त्या थराला बाधत नाहीत. चहात टॅनिनवर्गीय द्रव्ये असतात आणि लोखंडाशी गाठ पडली की ती काळी पडतात. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत, ती याच गुणावर. झिलईच्या किटलीत असा बिघाड होत नाही. शिवाय तिची जाड भिंत लवकर निवत नाही.

आता कृती. रिकाम्या किटलीत प्रथम कढत पाणी घालून ती विसळावी. थंड किटली पाण्यातली बरीच उष्णता स्वतःच शोषून घेते. मग दर कपाला एक लहान चमचा पत्ती घालावी, त्यावर नुकतेच उकळलेले पाणी ओतावे आणि झाकण लावून तीन ते पाच मिनिटे मुरू द्यावे. वरून लोकरी टोपी घातल्यास उत्तम. मुरलेला चहा सगळा गाळून घ्यावा. पत्ती पाण्यात तशीच राहिली, तर दुसरा कप कडवट होतो. किटली विस्तवावर मात्र कधीही ठेवू नये, ती तडकते.

इतके सोपस्कार कशासाठी? अखंड पानाच्या चहाचा जीव त्याच्या सुगंधात असतो. उकळत ठेवल्यास सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि तुरटपणा वाढत राहतो. म्हणून असा चहा मुरवायचा, उकळायचा नाही.

परंतु भारतात तयार होणारा बहुतांश चहा या जातीचा नाही. १९३० च्या सुमारास आसामात पाने चुरडून, फाडून, वळवून दाणेदार पत्ती करण्याचे यंत्र निघाले. तीच आपली सीटीसी पत्ती. तिचा अर्क झटपट आणि दाट उतरतो. तो उकळला की तुरट होतो हे खरे, पण दुधातील प्रथिने त्या तुरट द्रव्यांशी जखडली जातात आणि चव मवाळ होते. आल्याचा किंवा गवती चहाचा अर्कही उकळल्याने चांगला उतरतो. म्हणजे पातेल्यातल्या चहालाही शास्त्र आहे. ते पुस्तकात नव्हे, चुलीपुढे सिद्ध झाले आहे.

कोणी म्हणेल, किटलीच्या चहाला तर आंतरराष्ट्रीय मान्यता आहे! आहे खरी. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ३१०३ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकात पांढऱ्या चिनी मातीचे किंवा झिलई दिलेल्या मातीचे भांडे, दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटे असे प्रमाण सांगितले आहे. पण निरनिराळ्या चहांची चव एकाच मापाने पारखता यावी, एवढाच त्याचा हेतू आहे. ती उत्तम चहाची कृती नव्हे आणि सभ्यतेची कसोटी तर नव्हेच.

तात्पर्य, भांड्यावरून माणसाची पायरी ठरवू नये, पत्तीवरून भांडे ठरवावे. पान अखंड असेल तर किटली तापवावी. दाणेदार पत्ती आणि दूध असेल तर पातेले निःसंकोच चुलीवर चढवावे. पाहुण्यापुढे यांपैकी कोणताही कप ठेवताना ओशाळण्याचे कारण नाही.