निद्रानाश : निदान आणि उपचार

'झोप येत नाही' ही तक्रार आम्ही शिक्षक वसतिगृहातील मुलांकडून ऐकतो, तशी पालकसभेला आलेल्या आईवडिलांकडूनही ऐकतो. त्यावरची उत्तरे ठरलेली असतात : विचार करू नकोस, नाहीतर औषधाच्या दुकानातून एखादी गोळी आण. प्रत्येक दुःखाला कारण असते, हे शिकलेल्या समाजाने निद्रानाशाचेही कारण शोधले पाहिजे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. अठरा तास अभ्यास करणारा विद्यार्थी आणि रात्रपाळीचा पहारेकरी यांना झोपेसाठी वेळच कमी मिळतो. ती अपुरी झोप होय. किशोरवयीन मुलांना ८ ते १० तास आणि प्रौढांना किमान ७ तास झोप हवी, म्हणून तिच्याकडेही दुर्लक्ष करता येत नाही. परंतु वेळ आणि निवांतपणा असूनही झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा फार पहाटे जाग येते, आणि दिवसा थकवा, चिडचिड, विस्मरण जाणवते, तेव्हा तो निद्रानाश असतो. आठवड्यातून किमान ३ रात्री असे घडून ते ३ महिने टिकले, तर तो दीर्घकालीन मानला जातो.

त्याचे निदान मुख्यतः विचारपूस करून होते. दोन आठवडे एका वहीत अंथरुणावर पडण्याची, झोप लागल्याची आणि उठण्याची अंदाजे वेळ लिहावी. दुपारची झोप, चहा, मद्य, औषधे हेही नोंदवावे. ही वही डॉक्टरांना दाखवावी. वेदना, थायरॉईडचे विकार, लोहाच्या कमतरतेने पायांत होणारी अस्वस्थता, नैराश्य अशी कारणे ते तपासतात. मोठ्याने घोरताना श्वास अडखळत असेल, तर रात्रभराची निद्राचाचणी लागते. संविधानाचा मसुदा तयार होत असताना पायांच्या वेदनांनी बाबासाहेबांची झोप हिरावली होती आणि त्यांनी त्यावर वैद्यकीय उपचार घेतले होते. उपचार घेणे हा दुबळेपणा नव्हे.

इतिहासाचा अभ्यासक जाणतो की, घटना घडण्याचे कारण आणि ती टिकून राहण्याचे कारण एकच असेल असे नाही. नोकरी जाते, घरात मृत्यू होतो, झोप उडते. पुढे दुःख ओसरते. पण तोवर लवकर आडवे होणे, उशिरापर्यंत लोळणे, रात्री घड्याळ पाहत राहणे या सवयी जडलेल्या असतात. निद्रानाश त्यांच्यावरच जगतो.

औषधांचा इतिहासही बोधप्रद आहे. १८६९ मध्ये क्लोरल हायड्रेट, १९०३ मध्ये बार्बिटॉल, १९६० नंतर बेंझोडायझेपाइन वर्गातील गोळ्या आल्या. प्रत्येकीचे स्वागत झाले आणि प्रत्येकीची सवय लागते हे मागाहून कळले. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळीऐवजी विचार व सवयी बदलणाऱ्या उपचारपद्धतीची शिफारस केली.

तिची सूत्रे सोपी आहेत. रात्र कशीही गेली तरी रोज एकाच वेळी उठावे. अंथरूण केवळ झोपेसाठी असावे. एका खोलीच्या घरात ते झोप आल्यावरच अंथरावे आणि सकाळी गुंडाळून ठेवावे. सुमारे २० मिनिटे झोप लागली नाही, तर उठून मंद प्रकाशात शांतपणे बसावे आणि डोळे जडावले की परतावे. घड्याळ मात्र पाहू नये. दुपारनंतर चहा टाळावा, कारण त्यातील निम्मे कॅफिन सुमारे ५ तासांनंतरही शरीरात उरते. वहीत सरासरी ६ तास झोप दिसत असेल, तर आरंभी अंथरुणावर ६ तासच घालवावेत आणि झोप सलग होऊ लागली की वेळ हळूहळू वाढवावा. हा वेळ ५ तासांहून कमी करू नये. आरंभी दिवसा झोप येते. म्हणून वाहनचालकांनी, तसेच अपस्मार किंवा तीव्र मनोविकार असलेल्यांनी हा भाग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा. गुण येण्यास काही आठवडे लागतात.

गोळ्या आधीपासून चालू असतील, तर त्या एकाएकी बंद करू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी कराव्यात. आणि झोपेबरोबर जगण्याची इच्छाही मावळत असेल, तर एक दिवसही न दवडता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. आपल्या मुलांनी पुष्कळ वाचावे, ही आमची इच्छा आहेच. त्यांनी स्वस्थ झोपावे, हीही आपलीच जबाबदारी आहे.