कळंब्याहून सुटल्यावर काम शोधताना

प्रश्न : माझा धाकटा दीर शिक्षा भोगून कळंबा कारागृहातून कोडोलीला परतलाय. कारागृहात तो शिलाई शिकला. गावात काम कोणी देत नाही. पुढं काय करावं?
– एक वाचक, कोडोली

उत्तर : ताई, आधी हातात कागद हवा. शिलाई विभागात केलेल्या कामाचा दाखला कारागृहाकडं लेखी अर्ज करून मागा. सुटकेनंतरच्या अर्थसाहाय्याची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा.

सध्या नोकरीमागं धावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला की गाडी तिथंच अडते. स्वतःच्या धंद्याला गिऱ्हाईक तो मागत नाही. नुसत्या शिलाईवर गावात भागेलच असं नाही; जोडीला मोटार रिवाइंडिंगचं कामही हाताशी असावं. वारणाकाठ उसाचा. ऐन पाण्याच्या पाळीत विहिरीवरची मोटार जळते, तेव्हा शेतकरी रिवाइंडिंगवाल्याच्या दारात उभा असतो. जुनी तार काढणं, वेढे मोजून नवी भरणं, वार्निश करून वाळवणं, हे शिकता येतं. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत (आरसेटी) राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण मिळतं. असा वर्ग कधी आहे ते विचारा. वयाची अटही आधीच पाहून घ्या.

पहिले काही महिने घरातल्या कुणीतरी त्याच्यासोबत दुकानात बसावं. गिऱ्हाईक बुजत नाही, आणि त्यालाही धीर येतो.